बाण वरच्या दिशेला

पहाटेचे तीन. पुंता अरेनास सोडून अकरावा दिवस.
दोर सुटतो आहे, मिनिटाला साठ मीटर;
तळ गाठायला तासाहून थोडं जास्तच.
नोल्बेर्तो कार्कामो विंचच्या खुर्चीत,
डोळे आकड्यांवर, रिकामा हात मांडीवर पालथा.
मी नोंदवही घेऊन. पेन्सिलच, शाई इथे फुटते.

खाली काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही.
दिसतो फक्त ताण:
दोराचं वजन, शिशाचं वजन, वाढत वाढत जाणारं,
आणि मग एकदम, कुणीतरी खालून हात द्यावा तसं
हलकं.
"टेकलं," नोल्बेर्तो म्हणतो,
झोपलेलं मूल गादीवर ठेवल्यासारखा.

गाळ मात्र सहजासहजी सोडत नाही.
आकडा चढतो, कप्पी कण्हते,
सगळे दोरापासून दूर, भिंतीला पाठ लावून.
मग सुटतं.

नळी डेकवर आडवी होते, जिथवर रुतली तिथवर राखाडी.
यास्ना मिखोविलोविच टोकाचा चिखल नखाने काढते
आणि दातांखाली धरते.
"कचकच नाही. शुद्ध चिकणमाती."
हसते तेव्हा दात करडे.
मीटर-मीटरचे तुकडे, दोन्हीकडे टोपणं, चिकटपट्टी,
आणि प्रत्येकावर बाण: वर.
एकदा आडवं झालं की चिखलाला कुठली दिशा आठवते?
एक तुकडा ती उभा चिरते.
मधोमध बोटभर काळी रेघ,
कुठल्याशा डोंगराची राख, एका दुपारची कदाचित.

नोल्बेर्तो हात पुसत येतो.
"यात शहाऐंशी साल कुठे?"
अकरा दिवसांतला त्याचा पहिला प्रश्न.

यास्ना वरच्या टोकाशी बोट नेते, टेकवत नाही.
"इथे असायला हवं. केसाच्या जाडीचं.
पण जड नळी घुसते तेव्हा पाण्याचा लोट पुढे धावतो,
वरचं सगळं उडून जातं.
दहा हजार वर्षं हाती लागतात.
आपली तेवढी निसटतात."
तो मान हलवतो,
दुकानात भाव ऐकून परत फिरावं तशी.

स्वयंपाकघरात उबेर्लिंदा पाव उलटताना मला सांगते:
धाकटा भाऊ. जून महिना. चिलोएजवळ.
ना फळी सापडली, ना बूट.
म्हणजे इथून शेकडो मैल उत्तरेला.
हे त्यालाही ठाऊक असणारच.

दुसऱ्या रात्री दुसरं यंत्र:
चौकटीत आठ आखूड नळ्या, अलगद टेकणाऱ्या.
शेवटचे पन्नास मीटर मिनिटाला दहाने सोडायचे,
तसा नियम.
आकडा दहावरून सातवर, सातवरून चारवर.
यास्नाने पाहिलं. मी पाहिलं.
विंचच्या आवाजाखेरीज काहीच नव्हतं.

वर आलं तेव्हा नळीत नितळ पाणी,
आणि पाण्याखाली तपकिरी काहीतरी,
फुंकर घातली तर उठेल असं.
यास्नाने नळी दिव्याजवळ धरली.
तो बराच वेळ वाकून होता.
"याला काय म्हणतात?"
"अजून थर म्हणता येणार नाही," ती म्हणाली,
"अजून बसायचंय ते."

त्याने मार्कर मागून घेतला,
बाण स्वतः काढला. जरा तिरका.

स्थानक चौदा. आठपैकी सात नळ्या भरल्या.
वेग: चार. कारणाच्या रकान्यात: लाटा.
हवामानाच्या रकान्यात: समुद्र शांत.
दोन्ही माझ्याच अक्षरात.