दालन क्रमांक चार, हल

मंगळवार ते शनिवार माझी खुर्ची या चौकासमोर असते.
डच चौक. चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही,
पाटीवर नुसतं, 'बहुधा हार्लेमकडचा'.
बाजार भरलाय, मुंगीला शिरायला जागा नाही,
पण आवाज येतो तो हीटरचा
आणि शेजारच्या दालनातून मॉरीनच्या बुटांचा.

चर्चची सावली अर्ध्या चौकावर.
सावलीतले लोक घाईत, उन्हातले रेंगाळत.
हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.
मासेवालीच्या टोपलीत सात मासे,
आठवा गिऱ्हाइकाच्या हातात,
कल्ले उघडून बघणारं खट गिऱ्हाईक.
या बाईशी माझं जमलं असतं.

गेल्या हिवाळ्यात चित्र साफ करायला नेलं.
भिंतीवर एक फिकट चौकोन उरला.
दहा आठवडे मी त्याची राखण केली.
लोक तोही वाकून बघत.

परत आलं तेव्हा चौकात एक माणूस जास्त होता.
डाव्या कोपऱ्यात, भिंतीशी,
पाठमोरा, पाय फाकवून,
निवांत
लघवी करत.
ग्वेननं कापसाच्या बोळ्यानं, टीचभर टीचभर, त्याला बाहेर काढलं.
म्हणाली, कुणा मालकानं शंभरेक वर्षांपूर्वी
त्याच्यावर एक पिंप रंगवून घेतलं होतं.
जेवणघरात, बायकामुलांत, बरं दिसेना.

म्हणजे तो होताच.
पिंपाआड, अंधारात,
शंभर वर्षं तसाच उभा,
आणि अजून आटपलेलं नाही.

शाळेची मुलं आता थेट त्याच्याकडे धावतात.
बाई दटावतात, मुलं खिदळतात.
मी निळ्या कोटात म्हणते, हात नको हं,
तेव्हा दचकतात:
अरेच्चा, इथं कुणीतरी होतं.

साडेचारला दिवे मालवते.
बाहेरच्या चौकात उंच चौथऱ्यावर राणीचा पुतळा,
आणि तिच्या बरोब्बर पायांखाली सार्वजनिक मुताऱ्या.
पिंप मिळालं नसेल. राणी ठेवली.

हंबरवरून वारा येतो.
समुद्र ओलांडला की मासेवालीचा देश;
रात्री बोट सुटते, सकाळी पोचते.
अकरा वर्षांत मी गेले नाही.
मार्चचं थोडं ऊन उरलंय, चौकाच्या त्या बाजूला.
बसथांबा या बाजूला.
सातची बस दोन मिनिटांत येईल.

जाऊ दे तिला.