चूक की बरोबर

दिवाळीनंतरच्या पहिल्या तासाला मी एक कागद वाटते.
वीस विधानं, प्रत्येकासमोर दोन चौकोन.
वेंगुर्ल्याचं कॉलेज, खोली क्रमांक नऊ,
खिडकीतून बंदराचा दिवा दिसतो, दिवसा विझलेला.

मागच्या बाकावरून कुणीतरी, दरवर्षी कुणीतरी:
‘बाई, माज्या मनात काय आसा, सांगा बघू?’
मी म्हणते, भूक. दीड वाजलाय.
सगळे हसतात,
आणि बाई मनातलं ओळखतात हा माझा लौकिक
आणखी एक वर्ष टिकतो.

मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो आपण:
बरोबर, चौपन्नांतले पन्नास.
(उरलेला काय शिमग्यासाठी राखून ठेवलाय?)

पुनवेला माणसं बिघडतात.
चेतना खवणेकरनं दोन्ही चौकोन कोरे सोडून
समासात लिहिलंय: पुनवेला उधाण येतं,
पप्पा रात्री उठून होडी वर ओढतात,
झोप कुणालाच नसते, सकाळी भांडणं होतात.
याला काय म्हणायचं?
या कागदाला मार्क नसतात.
तरी दोन दिले.

सातवं विधान: आठवण म्हणजे कॅमेरा,
घडलं तसंच साठवून ठेवतो.
चूक. झोपेतून उठवलं तरी सांगेन.
पंधरा वर्षं शिकवतेय.

आणि तरी मला दिसतो तो धक्का,
काकाची होडी परतली नाही ती रात्र,
ओल्या जाळ्यांचा ढीग, त्याचा वास,
आईच्या हातातला कंदील, काच तडकलेली.
मी तिचा पदर धरून उभी.

मागच्या चतुर्थीला बोलता बोलता निघालं.
भाऊ नारळ सोलत होता, मान वर न करता म्हणाला,
‘तू खंय होतंस गो तेव्हा?
काका गेलो भादव्यात. तू झालंस दिवाळीक.’

वहिनी मायाळू. म्हणाली,
पोटात होतात ना, तिथून ऐकलं असेल,
बाळं सगळं लक्षात ठेवतात.

ते विधान माझ्या कागदावर अकरावं.
चूक.

कंदील माळ्यावर अजून आहे. मी चढून पाहिला.
काच धड.

तासाला मी प्रयोग सांगते, टक्केवारी सांगते.
कंदील सांगत नाही.
फक्त सातव्यापुढे लाल फुली मारताना
हात जरा हळू चालतो,
आणि रात्री डोळे मिटले की
काच तडकलेलीच असते.

पुनव परवा.
चेतना गैरहजर राहील बहुतेक.