बोअरहोल सतरा

सकाळचे सात. क्लाइडवर धुकं,
आणि धुक्याला नासक्या अंड्यांचा वास.
तो आमचाच.
सल्फाइडच्या टाकीचं झाकण
टॉर्क्विलनं काल धड लावलं नाही.

नळी जमिनीत उतरते.
पहिल्या मीटरला विटांचा चुरा, एका कपाचा कान.
दुसऱ्याला राख.
तिसऱ्या मीटरला माती पिवळी येते,
इतकी पिवळी, की
उपमा शोधत बसू नये,
आधी हातमोजे घालावेत.

कारखाना पाडला तेव्हा मी जन्मले नव्हते.
त्याची मळी फुकट मिळायची, म्हणून लोकांनी नेली.
फुटबॉलच्या मैदानाखाली तीच,
शाळेच्या आवाराखाली तीच,
आणि पावसाळी आठवड्यात ओढा अजून
हिरवा वाहतो, बाटलीतल्या सरबतासारखा.
(शेवटी दिलीच उपमा.)

कुंपणापाशी सेंगा लॅफर्टी.
वय एक्याऐंशी. हातात कुत्र्याचा पट्टा,
कुत्रं मार्चमध्ये गेलं.
"बाबा इथंच होते, भट्टीवर.
जेवण झालं की एका नाकपुडीत दोरा घालायचे,
दुसरीतून ओढून काढायचे.
मधला पडदा झडून गेलेला.
आम्ही टाळ्या वाजवायचो.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना येतं हे."

मग विचारते, "हे काढून नेणार कुठं?"

नेणार नाही, मी सांगते.
एवढी माती न्यायची कशी,
आणि ओतायची कुणाच्या दारात?
इथंच, खोलवर, औषध सोडायचं.
या क्रोमियमला तीन इलेक्ट्रॉन कमी पडतात.
ते मिळाले की पिवळेपण जातं,
पाण्यात उतरायचं थांबतं,
हिरवट होऊन मातीला धरून बसतं.

"म्हणजे राहणार इथंच."
इथंच. पण हिंडणार नाही.

ती बराच वेळ गप्प.
पट्टा मनगटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते.
"तीनच ना," म्हणते,
"तेवढंही कुणी दिलं नाही."
क्रोमियमबद्दल म्हणाली की कशाबद्दल,
मी विचारलं नाही.

दुपारी नमुने.
बाटलीत चार थेंब टाकायचे आणि थांबायचं.
जांभळं झालं तर विष अजून जागं.
सोळा नंबरचं पाणी पाण्यासारखंच राहिलं,
टॉर्क्विलनं हेल्मेट काढून डोकं खाजवलं,
त्याच्याकडे आनंद याच मार्गानं येतो.

सतरा : जांभळं.
आधी कडेनं, मग सगळंच.

वहीत लिहिलं : सतरा, पुन्हा सोडणे.
पंप धुतला. झाकण या वेळी मीच लावलं,
दोनदा तपासलं.

फाटकाला कुलूप घालताना पाहिलं,
ती अजून तिथंच.
"उद्या किती वाजता?"
सातला.
"वास येईल?"
येईल.
"बरं," म्हणाली,
आणि मोकळा पट्टा ओढत निघाली,
कोपऱ्यावर थोडी थांबली,
सवयीनं.