वही क्रमांक दोनशे चौदा

पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या बुटांवर
रॅपिनाच्या बसथांब्यावरचा चिखल होता, अजून ओला.
"डॉक्टरेटचा अर्ज इथंच द्यायचा ना?"
आणि फाइल दोन्ही हातांनी पुढं केली,
दुसऱ्याचं बाळ परत करावं तशी.

उर्वे किक्कास. वय सेहेचाळीस.
शाळेत इंग्रजी शिकवते, एकोणीस वर्षं.
संशोधनाचा विषय: इंग्रजीतला 'द'.
मी म्हटलं, शीर्षक अपुरं राहिलंय का?
"नाही, तेवढंच आहे."

आमच्या एस्टोनियनमध्ये तो शब्दच नाही.
दार म्हणजे दार. कुठलं, ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं,
नसलं तर तो विचारतो.
इंग्रजी मात्र दारादारावर पाटी लावत बसते.
उर्वेच्या पोरांकडून पाटी राहून जायची,
आणि राहिल्या जागी ती तांबड्या शाईनं
काकपद काढायची. कावळ्याचे पाय,
पानोपानी, एकोणीस वर्षं.

त्या वर्षी तिला नाकारलं.
पत्र मीच टाइप केलं: निधी मर्यादित, उमेदवार अनेक.
उमेदवार चार होते.

पुढच्या वर्षी तीच फाइल, नवी दोरी.
या खेपेला प्राध्यापक सारेपूंनी ती घरी नेली,
सोमवारी कॉफीच्या डागासकट परत आणली.
"घ्या हिला. हिला काहीतरी खटकतंय.
बाकीच्यांना नुसतं डॉक्टर व्हायचंय."

मग सहा वर्षं, दर गुरुवारची बस.
सहाशे चाळीस वह्या तळघरातल्या
बटाट्यांच्या पेट्यांतून टार्टूला आल्या,
संगणककक्षाला आठवडाभर मातीचा वास.
नदी गोठली, सुटली, गोठली.
एकदा नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन, एकदा तिसरं प्रकरण;
दोन्हींतून उठायला सारखाच वेळ लागला.

चौथ्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत,
चॉकलेटचा कागद उलगडता उलगडता ती मला म्हणाली
(मला, जिला यातलं ओ की ठो कळत नाही):
"हेल्वे, पोरं चुकत नव्हती.
जे सगळ्यांच्या पाहण्यातलं, तिथंच ती 'द' गाळतात.
स्टोव्ह. गोठा. तळं.
नवख्या वस्तूपुढं बरोब्बर लावतात.
मी त्यांना त्यांच्याच घरातल्या वस्तूंची
ओळख करून देत होते."
कागदाची तिनं घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.
"किती जणांना नापास केलं असेल मी?"
मला आकडा माहीत नव्हता. तिला होता.

तोंडी परीक्षा जूनमध्ये, खिडक्या सताड उघड्या.
ग्लासगोहून आलेले परीक्षक, उंच, सौम्य,
चष्मा कपाळावर. दीड तास सगळं सुरळीत. मग म्हणाले,
"पान एकशे बारा, शेवटून दुसरी ओळ.
तुमच्याच वाक्यातला एक 'द' राहिलाय."
कुणीतरी खुर्ची सरकवली.
उर्वेनं पान काढलं, बोट ठेवून वाचलं.
वाक्य शाळेच्या दाराबद्दल होतं.
"राहू द्या," ती म्हणाली. "ते दार माझ्या ओळखीचं आहे."

हशा, मग टाळ्या, मग सह्या.
मागच्या रांगेतला एक दाढीवाला
हसला नाही. हातांवर ग्रीस होतं.
केक कापायच्या आतच निघून गेला.

संध्याकाळी हजेरीपट गोळा करताना पाहिलं:
सगळ्यांत खाली, नावाच्या रकान्यात नाव नाही,
नुसतं "वही क्रमांक दोनशे चौदा",
आणि त्या अक्षरांच्या मधोमध, विनाकारण,
एक काकपद.

तो कागद नियमानं दफ्तरात जायला हवा होता.
मी उर्वेच्या हाती दिला.
ती तो खिडकीपाशी घेऊन गेली. बराच वेळ.
पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं,
आणि काही न लिहिता परत लावलं.
मग विचारलं, शेवटची बस किती वाजता आहे.