कुंपण

हरसूलच्या घाटात द्रोण मांडून बसलेल्या
जानकी भोयेला विचारलं, करवंदाचं रोप मिळेल का?
ती हसली. "रोप कशाला?
खा, आणि बी थुंका बांधावर.
ओलं असतानाच हं. सुकलं की रुसतं."

मखमलाबादेत, द्राक्षबागेच्या कडेला, थुंकलो.

तीन वर्षं नुसते काटे.
शेळ्या माघारी गेल्या,
माझ्या सदऱ्याची एक बाही तिथंच राहिली.
द्राक्षाला कात्री, फवारा, डायरीतल्या तारखा.
ह्याला काहीच नाही.

यंदा फाल्गुनात पांढरी फुलं आली, वास जुईसारखा.

आणि काल शेजारचा तुकडोजी
ओरबाडल्या कोपरानं दारात,
बोटं चिकानं चिकट, मूठ पुढे:
"ओळखा, कोंबडा की कोंबडी?"

कोंबडा, म्हणालो.
त्यानं चावून दाखवलं.
हरलो.