शेवटची पानं नसलेलं पुस्तक

जुबैलच्या कॅम्पात, खोली चौदा.
पुस्तक आलं ते हसनमियाँ परकारच्या ट्रंकेतून,
सुक्या बांगड्यांच्या वासासकट.
बाप माझगाव गोदीत युनियनचं बघायचा, म्हणाला.
मुखपृष्ठ नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही.
आत रशिया, झारचा जमाना,
आणि सूतगिरणीतला एक साचेवाला, येफिम.

शुक्रवारी मी वाचतो, मोठ्यानं,
मराठीचं हिंदी करत करत,
रामबिलासला कळावं, बांगलादेशच्या शफिकुललाही.

येफिम फळीवर निजायचा बारा तास,
उरलेले बारा दुसरा कुणी.
अंथरूण कधी गार पडायचं नाही, असं मी वाचलं
आणि खोलीतले आठही जण
आपापल्या गादीकडे बघायला लागले.
रात्रपाळीच्या गुरुंगनं तर उशीच उलटी केली.

मग दंडाची यादी.
उशीर झाला, दंड. गाणं म्हटलं, दंड.
खिडकी उघडली, दंड.
"खिडकी थी उनके पास?" शफिकुल.
आमच्या खिडकीत एसी ठोकलाय,
कडेनं पुठ्ठा, चिकटपट्टी,
तरी चहात वाळू येतेच.

पीठ मालकाच्या दुकानातून, मालकाच्या भावानं.
गावाहून आणलेला परवाना कचेरीच्या कपाटात.
इथं मी पाणी प्यायलो.
पुढची ओळ वाचायची गरज नव्हती.

बर्फाचं मात्र जमेना.
हेल्मेटखाली ओला रुमाल बांधणाऱ्यांना
थंडी किती समजावणार?
हसनमियाँ म्हणाला, मी दोन महिने कोल्ड स्टोरेजात होतो,
तिथं स्वतःचा श्वास दिसायचा.
तेवढ्यावर भागलं.

दोनशे सोळाव्या पानावर
येफिम आणि आणखी तिघं फाटकाशी उभे राहतात.
फोरमन बाहेर येतो.
येफिम टोपी काढत नाही.
पुढं नुसती शिवण, दोऱ्याचं टोक.

"फिर?"
फाटलंय, म्हटलं.
रामबिलास म्हणे, गावी धाडला असणार.
गुरुंग म्हणे, नाही, पगार वाढला.
शफिकुल काडीनं नखातलं ग्रीस काढत राहिला.
ज्याच्या बापाचं पुस्तक
तो भिंतीकडे तोंड करून केव्हाच झोपलेला,
किंवा नसेलही.

पहाटे चारला बस.
नंबर पुकारला की हेल्मेट काढून चेहरा दाखवायचा,
अशी इथली रीत.
चारशे बारा.
शफिकुल पुढं झाला,
हात खालीच.
सुपरवायझरनं टॉर्च मारला, यादीत बघितलं,
परत टॉर्च मारला.
बसचं इंजिन चालू होतं.