फर्लांग

आडनावच फर्लांग.
वेक्सफर्डच्या त्या किनाऱ्यावर अशी घरं अजून आहेत,
पण मॅलकीला ते मापासारखं चिकटलं:
आठ झाले की मैल,
मैल झाला की पुन्हा पहिला.

मी त्याचा नालबंद. एकतीस वर्षं.
घोड्यातलं जे कळतं ते मला खालून कळतं,
खुरापासून वर.
माणसातलंही तसंच.

पहिली घोडी एका डोळ्याने आंधळी.
एनिसकॉर्थीच्या बाजारात कुणी हात लावेना.
हा तिच्या आंधळ्या अंगाला जाऊन उभा राहिला
आणि बोलत राहिला,
गवताचे भाव, बापाचा खोकला, असलंच काहीतरी.
तिने कान वळवला.
तेवढ्यावर सौदा झाला.

पागा कसली, गुरांचा गोठा.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक दारावर खिळ्याने ठोकलेलं,
कारण दौडीला मैदान नव्हतं,
मागे सरलेला समुद्र होता.
अंधारात खरारा, मग ओल्या वाळूवर चौखूर,
आणि तासाभरात पाणी येऊन
सगळ्या टापा पुसून टाकायचं.
'बरंय,' मॅलकी म्हणायचा,
'कालचं कुणी वाचायला नको.'

ट्रॅमोरला ती जिंकली.
एकाला तेहतीस असा भाव होता.
पाद्रीबाबांनी पाच पौंड लावले होते,
ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलं
आणि रविवारच्या आत गावभर झालं.

मग मालक आले. डब्लिनचा दंतवैद्य,
एक सिमेंटवाला, दोघी विधवा बहिणी
ज्यांना घोड्याचं फक्त नाक आवडायचं.
चाळीस खण झाले. अंगणात काँक्रीट.
पेपरात फोटो; टोपी तीच.
माझी भट्टी थंड व्हायचं विसरली.
त्या वर्षांचं एवढंच.
यशात सांगण्यासारखं फार नसतं.

फेअरीहाउसचं सांगतो.
टाइड टेबल नावाचा कुमेत,
चारी पाय पांढरे, कपाळावर चांदणी.
म्हातारे म्हणाले होते, असला घेऊ नये.
शेवटून दुसऱ्या कुंपणाशी
त्यांनी हिरवा पडदा उभा केला.
मॅलकी आत गेला.
बाहेर आला तेव्हा हातात नुसता लगाम,
आणि तो त्याने कुणालाच घेऊ दिला नाही,
गाडीत नाही, घरी नाही.

रात्री माझ्या दाराशी आला.
'पुढचा डावा नाल सैल होता का?'
नव्हता.
'माहितीये,' म्हणाला. 'विचारायचं राहिलं असतं तर
आयुष्यभर तुझ्याशी नीट बोललो नसतो.'
चहा घेतला नाही.
मी मात्र त्यानंतर वर्षभर
प्रत्येक खिळा दोनदा मोजला.

पुढे खोकल्याची साथ आली, अख्खा हंगाम गेला.
घोडे एकेका गाडीने गेले,
तक्रार न करता, मालकांसारखे.
दंतवैद्य सगळ्यांत सभ्य:
हाताने लिहिलेलं पत्र
आणि दोन महिन्यांची बाकी.
सायव्ह नावाची पोर तेवढी राहिली,
पगार विचारायची नाही, म्हणून तो द्यायचाच,
कुठून ते मला विचारू नका.

परवान्याचा कागद त्याने या वर्षी परत पाठवला.
पाकिटावरचं तिकीट सरळ लावायला
त्याला बराच वेळ लागला.

काल शेवटच्या घोडीचे नाल उतरवले.
त्या आंधळीची पणती.
पाय त्याने धरला, खिळे मी काढले.
चार लोखंडं फरशीवर पडली
आणि घोडी दोन पावलं चालून थबकली,
स्वतःचाच पाय ऐकत:
इतका हलका, जणू कुणी दुसरंच चाललंय.

एक नाल मी पुढे केला. दाराला ठोकशील म्हणून.
त्याने तो कोटाच्या खिशात टाकला,
खिसा एका बाजूने खाली ओढला गेला.
मग दारावरचा कागद बघितला,
मग घड्याळ.
पावणेसहा. पाणी मागे जायला लागलं होतं.

'चल,' म्हणाला.
घोडीला का मला, ते कळलं नाही.
आम्ही दोघंही निघालो.